उरलेल्या अंशांचा हिशेब

इलेक्ट्रॉनिक भागाच्या डेटाशीटच्या, म्हणजे त्याच्या तांत्रिक माहितीपत्रकाच्या, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेल्या वॉटच्या आकड्याला मी आताशा फारशी किंमत देत नाही. तो खोटा नसतो, अर्धवट असतो. २एन३०५५ हा जाडजूड धातूच्या टोपीतला जुना पॉवर ट्रान्झिस्टर घ्या. अँप्लिफायर आणि पॉवर सप्लाय जोडणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्याच्यावर वाढल्या. त्याच्या डेटाशीटवर लिहिलेलं असतं ११५ वॉट. खाली बारीक अक्षरांत अट असते: केसचं तापमान २५ अंश सेल्सिअस असताना. म्हणजे आत ११५ वॉट उष्णता तयार होत राहणार, आणि बाहेरचं कवच मात्र गार राहिलं पाहिजे. कसं ठेवायचं, ते तुमचं तुम्ही बघा!

हा आकडा येतो कुठून हे कळलं की त्याचा रुबाब उतरतो. जंक्शनला, म्हणजे आतल्या चिपच्या तापणाऱ्या गाभ्याला, जास्तीत जास्त २०० अंश चालतात, केस २५ वर, मधला फरक १७५. जंक्शनपासून केसपर्यंतचा थर्मल रेझिस्टन्स, म्हणजे उष्णतेच्या वाटेतला रोध, १.५२ अंश प्रति वॉट. भागाकार करा, ११५ येतात. आता याच ट्रान्झिस्टरला १ अंश प्रति वॉटचा, म्हणजे चांगला मोठा हीट सिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) लावा. मधल्या अभ्रकाच्या विद्युतरोधक चकतीचा आणि उष्णता वाहणाऱ्या पेस्टचा अर्धा अंश प्रति वॉट धरा. भोवतालची हवा ४० अंशांवर आहे असं समजा. जंक्शन अगदी २०० च्या काठावर नेऊन ठेवलं तरी ५३ वॉटच्या पुढे जाता येत नाही. ते १५० वर राखायचं ठरवलं, तर ३६ वॉट. छापील आकड्याच्या एक तृतीयांशसुद्धा नाही.

हीट सिंक निवडायचा म्हटलं की बहुतेक जण सिंकच बघायला लागतात. हा मोठा, तो काळा, याला फिन्स, म्हणजे पातळ पाती, जास्त. मला ते उलटं वाटतं. सिंक हा निवडण्याचा भाग नव्हे, उरण्याचा भाग आहे. महिन्याच्या पगारातून भाडं, हप्ता, वीजबिल गेल्यावर जे हातात राहतं त्यात हौस भागवायची, तसंच हे. जंक्शनला परवडतील तेवढे अंश हा पगार, आणि तो ठरलेला असतो. त्यातले बरेचसे अंश भोवतालची हवा सुरुवातीलाच घेऊन जाते, काही पॅकेजच्या आत खर्च होतात, काही जोडावर. राहिलेल्या अंशांत जो बसेल तो सिंक.

सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण घेऊ. ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज पाचवर स्थिर ठेवणारी चिप, टीओ-२२० पॅकेजमधली (पाठीला धातूचा पत्रा असलेलं कवच). १२ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, लोड अर्धा अँपिअर. वरचे ७ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे साडेतीन वॉट उष्णता. सिंक लावलाच नाही तर जंक्शनपासून हवेपर्यंतचा रोध साधारण ६५ अंश प्रति वॉट असतो. साडेतीन वॉटना ही वाढ सव्वादोनशे अंशांच्या वर जाते. तेवढं तापायच्या आधीच आतलं थर्मल शटडाउन चिपला बंद करतं, चिप निवते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद. सर्किट अधूनमधून का रुसतं, याचं कारण मग लोक सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसतात.

जंक्शनची मर्यादा १२५ अंश. मी १०० धरतो. काठावर जगायची हौस मला नाही. डबा बंद असेल तर आतली हवा ५० अंशांवर आहे असं मानतो. उरले ५० अंश. साडेतीन वॉटनी भागले की एकूण रोध १४.३ च्या आत हवा. त्यातले ५ जंक्शन ते केस या वाटेत जातात, साधारण १ अभ्रक आणि पेस्ट घेतात. सिंकच्या वाट्याला येतात ८.३ अंश प्रति वॉट. हा आकडा हातात आल्यावर कॅटलॉग उघडायचा. त्याआधी उघडला तर डोळे फक्त आकार बघतात.

हा हिशेब ओहमच्या नियमाची हुबेहूब नक्कल वाटतो. वॉट म्हणजे करंट, अंश म्हणजे व्होल्टेज, मधले रोध एकापाठोपाठ एक जोडलेले. उष्णतेने आपला नियम उसना घेतलाय अशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची समजूत होते. खरं तर उसनवारी उलट्या दिशेने झाली. फ्रेंच गणिती फूरियेने उष्णतावहनाचं गणित १८२२ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि ओहमने १८२७ मध्ये विजेचा नियम मांडला तेव्हा फूरियेचंच काम त्याच्यापुढे नमुना म्हणून होतं. हीट सिंकचा हिशेब करताना आपण ओहमकडून घेतलेलं फूरियेला परत करत असतो, एवढंच.

या सगळ्या आकड्यांत सर्वांत बेफिकिरीने भरला जाणारा आकडा म्हणजे भोवतालच्या हवेचं तापमान. वॉट मोजता येतात, पॅकेजचा रोध छापलेला असतो, पण हवेच्या जागी माणूस सवयीने २५ लिहून मोकळा होतो. वरच्याच उदाहरणात ५० ऐवजी २५ लिहून बघा. सिंकच्या वाट्याला ८.३ ऐवजी १५.४ येतात. जवळपास दुपटीने सैल. म्हणजे बराच लहान सिंक चालेल असं कागद सांगतो, कारण आपण एका चौकटीत खोलीचं तापमान लिहिलं. सिंकला खोलीशी देणंघेणं नसतं. त्याच्या फिन्सना भिडते ती हवा कोणती, एवढंच त्याला कळतं. ती हवा ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरून आलेली असेल, बाजूच्या दुसऱ्या सिंकने तापवलेली असेल, डब्याला वर छिद्रंच नसल्याने तिथेच घुटमळत राहिलेली असेल. बंद डब्यात सिंक लावणं म्हणजे उष्णता चिपमधून काढून डब्यात ठेवणं. पुढची वाट डब्याच्या भिंतींतून जाते, आणि तिचाही रोध असतो. असा डबा धातूचा असेल तर मी वेगळा सिंक शोधतच नाही, चिप थेट भिंतीला बसवायची सोय होते का ते आधी पाहतो.

कौतुक धातूच्या वाट्याला येतं, काम हवा करते. पंखा नसेल तर तापलेल्या पृष्ठभागावरून हवा दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला, जेमतेम ५ ते १० वॉट उचलते. आपले साडेतीन वॉट २९ अंशांच्या फरकावर सोडायचे, आणि मधला ७ हा आकडा धरला, तर साधारण १७० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग लागतो. टीओ-२२० ची पाठ असते दीड चौरस सेंटिमीटरच्या आसपास. हीट सिंक हे या दोन आकड्यांमधलं शंभरपटीचं अंतर भरून काढणारं साधन आहे. तो उष्णता गिळत नाही, फक्त पसरवतो, म्हणजे हवेला ती घेता येते.

हे पटलं की तांब्याचं आकर्षण कमी होतं. तांब्याची वहनक्षमता ४०० च्या जवळ, सिंकसाठी वापरतात त्या अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूची २०० च्या आसपास. दुप्पट! पण बिनपंख्याच्या सिंकमध्ये अडचण धातूत नसतेच. फिनच्या मुळापासून टोकापर्यंत तापमानात फारसा फरक पडत नाही, सगळी अडवणूक पृष्ठभाग आणि हवा यांच्यामध्ये असते. तिथे तांबं लावून हाती लागतो तो किरकोळ फायदा आणि तिपटीहून जास्त वजन. चिप इवलीशी, वॉट भरपूर आणि वर जोरदार पंखा असेल, तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे उष्णता एका बिंदूपासून तळभर पसरवावी लागते, आणि तांब्याचा तळ आपला खर्च भरून काढतो.

फिन्सच्या बाबतीतही नजर फसते. दाट फिन्सचा सिंक दिसायला दमदार असतो. पण पृष्ठभागाला चिकटून वर सरकणाऱ्या तापलेल्या हवेच्या थराला जाडी असते, काही मिलिमीटरची. दोन फिन्स फार जवळ आल्या की समोरासमोरचे थर एकमेकांत मिसळतात आणि मधली हवा हलेनाशी होते. पंखा नसेल तर फिन्समध्ये साधारण ६ ते १० मिलिमीटर मोकळीक लागते. पंखा असेल तर दोन-तीन मिलिमीटरही चालतात, कारण तिथे हवेला ढकलणारं कुणीतरी असतं. जुन्या संगणकातून काढलेला प्रोसेसरचा सिंक पंखा काढून वापरायचा मोह अनेकांना होतो. त्याच्या वजनाकडे बघून जेवढी आशा वाटते, तेवढं काम तो करत नाही.

फिन्स उभ्या हव्यात, हे तर कितीदा सांगावं! उभ्या म्हणजे मधल्या गल्ल्या खालून वर जाणाऱ्या. तापलेली हवा वर जाते, खालून गार हवा आत येते, आणि फुकटातला पंखा चालू होतो. तोच सिंक आडवा लावला की गल्ल्यांची तोंडं बाजूला जातात आणि प्रवाह मंदावतो. कॅटलॉगमधला आकडा उभ्या सिंकचा असतो, आणि पीसीबी, म्हणजे सगळे भाग जोडलेली पाटी, कुठल्या बाजूने बसणार हे बऱ्याचदा सिंक ठरल्यानंतर ठरतं. शेवटी डबा भिंतीवर टांगायचा की टेबलावर ठेवायचा हे वापरणारा ठरवतो, आणि त्याने कॅटलॉग वाचलेला नसतो.

कॅटलॉगच्या आकड्याला आणखी एक खोड असते, आणि इथे ओहमची नक्कल जरा लंगडते. कार्बनच्या रेझिस्टरचा रोध दोन व्होल्टला आणि दहा व्होल्टला जवळपास तोच असतो. सिंकचा तसा राहत नाही. सिंक जितका जास्त तापतो तितकी हवा जोराने वर जाते आणि रोध कमी होतो. त्यामुळे छापील आकडा किती तापमानवाढीला मोजलाय ते बघावं लागतं. ७५ अंशांच्या वाढीला मोजलेला आकडा असेल आणि तुम्ही सिंक फक्त २५ अंश तापू देणार असाल, तर खरा रोध तीसेक टक्क्यांनी जास्त धरायला हवा. लांबीचंही असंच. त्याच छेदाची पट्टी दुप्पट लांब घेतली म्हणून रोध निम्मा होत नाही, कारण वरच्या अर्ध्या भागाला खालच्या अर्ध्याने तापवलेली हवा मिळते. ढोबळमानाने तीस टक्के घट धरावी. उंची वाढवण्यापेक्षा रुंदी वाढवलेली जास्त लाभते.

काळ्या रंगाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, काळा म्हणजे थंड. दुसरा म्हणतो, ती नुसती सजावट. चकचकीत अ‍ॅल्युमिनिअम प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, जवळजवळ काहीच उष्णता सोडत नाही, त्याची उत्सर्जकता (प्रारण सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.०५ च्या घरात असते. अ‍ॅनोडाइझ केलेल्या, म्हणजे वर ऑक्साइडचा थर चढवलेल्या, पृष्ठभागाची ०.८ किंवा त्याहून जास्त. ८० अंशांचा असा पृष्ठभाग ३० अंशांच्या परिसराकडे दर चौरस मीटरला तीनशेहून अधिक वॉट नुसत्या प्रारणाने सोडतो. शांत हवा वाहून नेते त्याच्या तोडीचा हा आकडा आहे. मग अर्धा सिंक फुकट मिळाला म्हणायचं का? नाही, कारण फिन्स एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. एकीने सोडलेलं दुसरी घेते. बाहेर जातं ते फक्त बाहेरच्या आवरणाइतक्या क्षेत्रफळातून. म्हणून सपाट पत्र्याला किंवा मोजक्या फिन्सच्या सिंकला अ‍ॅनोडायझिंगचा चांगला उपयोग होतो, दाट फिन्सना कमी, आणि पंखा लावल्यावर तो विषयच मागे पडतो. शिवाय काम करतो तो अ‍ॅनोडायझिंगचा थर. डोळ्यांना दिसणारा काळेपणा तिथे गौण आहे. ८० अंशांवरच्या प्रारणाची तरंगलांबी आठ मायक्रोमीटरच्या आसपास असते, आणि तिथे निळा, लाल, काळा सगळे जवळपास सारखे.

जोडाबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी एकमेकांना मोजक्याच उंचवट्यांवर टेकतात. मधे हवा राहते, आणि हवेची वहनक्षमता अ‍ॅल्युमिनिअमच्या साडेसात हजारांव्या भागापेक्षाही कमी आहे. पेस्ट ती हवा हटवण्यासाठी असते. पण पेस्ट स्वतः काही धातू नव्हे, साधी पेस्ट अ‍ॅल्युमिनिअमच्या शंभर-दोनशेपट वाईट वाहक. तेव्हा ती खाचा भरण्यापुरतीच हवी. जाड थर लावून समाधान मानणारे नवी भिंत बांधत असतात. स्क्रू करकचून आवळल्यानेही उलटाच परिणाम होऊ शकतो. टीओ-२२० ला भोक एका टोकाला असतं. तिथे फार जोर दिला की पत्रा किंचित वाकतो आणि नेमका चिपखालचा भाग सिंकपासून उचलला जातो. मधोमध दाबणारी स्प्रिंग क्लिप मला म्हणूनच आवडते.

आणि पॅकेजची पाठ विजेच्या दृष्टीने कशाला जोडलेली आहे, ते पाहिल्याशिवाय अभ्रक वगळायचा नाही. ७८०५ ची पाठ ग्राउंडला असते, तिथे अभ्रकाशिवाय भागतं. ऋण पाच व्होल्ट देणाऱ्या ७९०५ ची इनपुटला. एलएम३१७ या रेग्युलेटरची आउटपुटला. मॉस्फेट या ट्रान्झिस्टरची सहसा ड्रेन नावाच्या टोकाला. ७८०५ आणि ७९०५ शेजारी-शेजारी एकाच सिंकवर अभ्रकाशिवाय बसवले तर ऋण इनपुट थेट ग्राउंडला टेकतं. अभ्रक घातल्यावर स्क्रूभोवतीचा प्लास्टिकचा बुश विसरला तरी तेच होतं. सप्लाय देण्याआधी मल्टिमीटरचं बझर लावून पाठ आणि सिंक तपासायला काही सेकंद लागतात.

तपासणीत सगळ्यात जास्त फसवतो तो वेळ. शंभर ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिनिअम सिंकला एक अंश तापायला ९० ज्यूल लागतात. त्याचा हवेकडचा रोध ५ असेल तर वेळेचा स्थिरांक (तापायची गती सांगणारा आकडा) ४५० सेकंद निघतो, आणि अंतिम तापमानाच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला त्याच्या तिप्पट, म्हणजे बावीस-तेवीस मिनिटं. पाच मिनिटांनी हात लावून 'कोमट आहे, चालेल' म्हणणारा माणूस हवेचं काम तपासत नसतो, धातूचं वजन तपासत असतो. डब्याचं झाकण लावून केलेली चाचणी तर आणखी लांबते, आणि तीच खरी. बोटाचाही भरवसा मर्यादित. साठ अंशांच्या धातूवर बोट फार वेळ ठेववत नाही, म्हणून लोक घाबरतात. पण पॉवरच्या भागासाठी साठ अंशांचा सिंक अगदी सुखात असतो. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमवर रोखला तर उलट फसवणूक होते. कमी उत्सर्जकतेमुळे तो आकडा बराच कमी दाखवतो. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखावा.

सिंक सुखात असला तरी त्याचे शेजारी असतीलच असं नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर '१०५ अंश, २००० तास' असं लिहिलेलं असतं. म्हणजे १०५ अंशांवर त्याचं आयुष्य २००० तास, सलग ८३ दिवस. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं असा ठोकताळा आहे, आणि उलट दिशेने तो तितकाच निर्दय. सिंकच्या बरोबर वर, तापलेल्या हवेच्या वाटेत कपॅसिटर बसवलेले पीसीबी पाहिले की मला त्या रेग्युलेटरपेक्षा कपॅसिटरची काळजी वाटते.

मॉस्फेटसारख्या भागांत तर वॉट हाही स्थिर आकडा नसतो. आयआरएफ५४०एन या मॉस्फेटचा ऑन-रेझिस्टन्स, म्हणजे चालू असतानाचा रोध, थंड असताना ४४ मिलिओहम. १० अँपिअरला ४.४ वॉट. पण जंक्शन शंभरीच्या पुढे गेलं की हा रोध दुपटीकडे सरकतो, आणि वॉटही. थंड आकड्यावर निवडलेला सिंक गरम मॉस्फेटला पुरत नाही. मी आधी गरम आकडा घेतो, तापमान काढतो, मग तो आकडा त्या तापमानाशी जुळतो का ते पाहून पुन्हा एकदा हिशेब करतो. दोन फेऱ्यांत उत्तर स्थिरावतं. स्थिरावलंच नाही, तर मोठा सिंक शोधण्याऐवजी कमी रोधाचा मॉस्फेट शोधतो.

७८०५ च्या बाबतीतही हाच प्रश्न विचारता येतो: साडेतीन वॉट तयारच का करायचे? त्याच्या जागी ८५ टक्के कार्यक्षमतेचा बक कन्व्हर्टर (वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज उतरवणारं सर्किट) टाकला तर अडीच वॉटच्या आउटपुटमागे ०.४४ वॉट वाया जातात, तेही चिप, डायोड आणि इंडक्टर यांच्यात वाटून. त्याला सिंक लागत नाही, पीसीबीवरचं तांबं पुरतं. पण स्विचिंगची कुरबूर संवेदनशील मोजमापाच्या किंवा ऑडिओच्या सर्किटला सोसत नाही, तिथे ७८०५ सारखा लिनिअर रेग्युलेटर हवाच. मग मी दोन्ही घेतो. बकने १२ चे साडेसात व्होल्ट करायचे, ७८०५ ला लागणारं दोन व्होल्टचं अंतर राखायचं, आणि पुढे त्याने स्वच्छ पाच द्यायचे. आता ७८०५ वर फक्त सव्वा वॉट राहतो. सिंकशिवाय तोसुद्धा ५० अंशांच्या हवेत १३१ पर्यंत जातो, म्हणजे मर्यादेच्या जरा बाहेर. २२ अंश प्रति वॉटचा लहानसा क्लिप-ऑन सिंक अडकवला की जंक्शन ८५ अंशांवर थांबतं, आणि डब्यात कपॅसिटरला दूर सरकायला जागाही होते.